केशरी बंडी

बंदुकीच्या दुकानाची पायरी मी आयुष्यात एकदाच चढले, आणि तीही सासऱ्यांसाठी.

ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेतली गोष्ट. पार्सिपनीच्या पुढे बरंच आत, जिथे घरांची रांग संपून एकदम जंगलच सुरू व्हायचं, तिथे आम्ही नवीन घर घेतलं होतं. पार्सिपनीतल्या मैत्रिणी म्हणायच्या, "काय यार, इतक्या लांब कोण राहतं? रात्री कोल्हेबिल्हे येत नाहीत ना?" मी म्हणायची, कोल्हे परवडले, ते न सांगता जेवायला थांबत नाहीत. मनातून मात्र मलाही त्या झाडांची भीती वाटायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसायचंच नाही. पानगळ झाल्यावर तर आतपर्यंत दिसायचं, आणि ते जास्त वाईट.

त्या वर्षी उन्हाळ्यात सासूबाई गेल्या, आणि दिवाळीच्या आधी नवरा मामंजींना इकडे घेऊन आला. मामंजी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचे रिटायर्ड हेडमास्तर. इंग्रजी माझ्यापेक्षा शुद्ध, पण बोलायचे मोजकंच. सासूबाई असताना त्यांना बोलायची फारशी गरज पडली नसावी. त्या दोघांचं सगळं न बोलता चालायचं. ह्यांनी हात पुढे केला की त्या चष्मा देत, मान वर केली की माकडटोपीचे बंद बांधत. मामंजींना कसलीही गाठ मारता यायची नाही. बुटाची लेससुद्धा नाही. सासूबाईंची गाठ मात्र एकदम पक्की, दुहेरी, आणि उरलेली टोकं त्या परत गाठीच्या आत खोचून टाकत. पापडाची पिशवी असो की गादीची वळकटी, टोक म्हणून बाहेर दिसायचं नाही. मी नवी सून होते तेव्हा त्या गाठी सोडवताना माझी नखं तुटली आहेत, आणि मी त्यांना मनात भरपूर बोललेही आहे.

मामंजींचा नेम असा, की उजाडायच्या आत आंघोळ, अंगावर तपकिरी धाबळी, गळ्याला पांढरा पंचा, आणि पूजेची फुलं आणायला बाहेर. धाबळी लोकरीची, म्हणून सोवळ्यात चालते. आपल्याकडे सकाळी फिरायला जाणारी म्हातारी माणसं दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं खुडतात आणि त्याला कोणी चोरी म्हणत नाही. इथे पहिल्याच आठवड्यात मामंजींनी शेजाऱ्याच्या पायरीवरच्या कुंडीतली शेवंती साफ केली. शेजारी म्हणजे एकटा राहणारा म्हातारा गोरा, उंच, हाडकुळा. तो रिकामी कुंडी घेऊन दारात आला तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सगळं समजावून सांगितलं. तो हसला, म्हणाला, देवाला लागत असतील तर काय बोलणार, आणि वर उरलेली एक कुंडी देऊन गेला.

थंडी पडली आणि ती शेवंतीही गेली. मी सुपरमार्केटातून फुलं आणली तर मामंजींनी त्यांचा वास घेऊन बाजूला ठेवली. म्हणाले, "सूनबाई, ह्यांना कधी माती लागली होती का?" मला रागच आला. एवढ्या बर्फाळ मुलखात ह्यांना मी जास्वंद कुठून आणून देऊ?

आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी एका सकाळी ते जंगलातून ओंजळभर पिवळी फुलं घेऊन आले. फुलं म्हणजे काय, पिवळ्या दोऱ्याचे तुकडे कोणी एकत्र चुरगळावेत तशी. बाहेर एका झाडावर पान नाही, आणि ही ताजी. मी शेजाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, ह्याला विच हेझल म्हणतात, सगळं जंगल मेलं की मग हे फुलतं. विच म्हणजे चेटकीण. मी मामंजींना ते सांगितलं नाही. देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेवर ती फुलं रोज दिसायला लागली, आणि मी स्वयंपाक करताना तिकडे पाठ करून उभी राहायला लागले. काही कारण नाही, नुसतं बरं वाटायचं नाही.

मग मामंजी जास्त वेळ लावायला लागले. आधी चहाच्या आधी परत यायचे, आता चहा पार गार व्हायचा. एकदा मी विचारलं, "एवढा वेळ काय करता तिथे?" ते पूजेचं ताम्हन पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "एक येतं तिथे. हरणी आहे. मी फुलं काढतो, ती उभी असते. घाबरत नाही. मान एका बाजूला करून बघत राहते."

सासूबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. कोणी बोलायला लागलं की त्या मान एका बाजूला करून बघत. त्या दिवशी दिवसभर मी घरातले दिवे चालू ठेवले.

त्यानंतर एक-दोन दिवसांनीच शेजारी मला मेलबॉक्सपाशी भेटला. तो नेहमी गमतीत बोलायचा, त्या दिवशी नाही. म्हणाला, "येत्या सोमवारपासून हरणांच्या शिकारीचा आठवडा आहे. बंदुका घेऊन माणसं पहाटेपासून जंगलात बसतात. मीही बसतो. तुझे सासरे तपकिरी पांघरूण घेऊन फिरतात. गळ्याशी पांढरं असतं. इथल्या हरणाचा गळा पांढरा असतो, शेपटी खालून पांढरी. आणि ते झुडपात वाकून उभे राहतात. त्यांना आठवडाभर घरात ठेव. नाही जमलं तर केशरी घाल. केशरी रंगाच्या दिशेने कोणी बंदूक उचलत नाही."

हेडमास्तरला घरात ठेव म्हणे. त्यांच्या मुलाला ते कधी जमलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तूच बोल, माझं बाबा ऐकत नाहीत," आणि त्याच आठवड्याची सांता क्लाराची ऑफिसची टूर काही त्याने कॅन्सल केली नाही. म्हणजे एक म्हातारा माणूस, एक जंगल आणि इतक्या बंदुका, हे सगळं माझ्या गळ्यात.

तर अशी मी त्या दुकानात गेले. हायवेच्या कडेला लांबट बैठं दुकान, आत तेलाचा आणि चामड्याचा वास. भिंतीवर हरणांची मुंडकी, रांगेने, आणि सगळ्यांचे डोळे काचेचे. कुठेही उभी राहा, एखादं तरी आपल्याकडे बघतच असायचं. काउंटरवर छोट्या बाटल्या मांडलेल्या. मला वाटलं बंदुकीला लावायचं तेल, म्हणून एक हातात घेतली. दुकानदार म्हणाला, ते हरणीचं मूत आहे, झाडांना लावून बसलं की नर वासावर येतो. मी बाटली ठेवली आणि घरी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे असं ठरवलं. ह्या लोकांना हरिण फसवायला हरणीचा वास विकत मिळतो, आणि आपण लोकरीच्या धाबळीचं सोवळं सांभाळतोय.

दुकानदाराने विचारलं, "कशाची शिकार?" मी म्हटलं, "कशाची नाही. माझ्या सासऱ्यांची होऊ नये म्हणून आलेय." तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. आतून एक केशरी बंडी आणून त्याने काउंटरवर पसरली. नुसतं डोकं घालायला भोक, पुढे-मागे कापड, आणि दोन्ही बाजूंना बांधायला बंद. रंग असा भडक की बघितल्यावर डोळे मिटले तरी आत दिसत राहायचा. मी म्हटलं, एवढ्याने भागेल? तो म्हणाला, "बाई, थंडीत, धुक्यात, तासन्‌तास माणूस हरणाची वाट बघत बसलेला असतो. शेवटी त्याला हरिणच दिसायला लागतं. जे हलेल ते हरिण. ती नजर मोडायला हा रंग आहे." मग कागदात गुंडाळताना म्हणाला, "बंद नीट बांधायला सांगा. सुटी बंडी फांदीला अडकते आणि माणूस पुढे निघून जातो."

मामंजींनी बंडी बघितली आणि हातही लावला नाही.

"हे भगवं आहे," ते म्हणाले.

"केशरी आहे, मामंजी. शिकारीच्या दुकानातलं आहे, मठातलं नाही."

"शिकारीचं आहे, हे तर आणखी वाईट. ते अंगावर घालून देवाची फुलं काढू?" मग हळू आवाजात: "आणि भगवं एकदा अंगावर घेतलं की माणसाने घरी परत यायचं नसतं, सूनबाई. आत्ता मला कोणी ते घालू नका. मी जाईन निघून."

ते असं साधेपणाने म्हणाले, की माझं चिडणं तिथल्या तिथे जिरलं. तोवर मला वाटत होतं की ह्यांना बंदुकीची गोळी लागेल. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की ह्यांना त्या जंगलातून परत यायचंय की नाही हेच नक्की नाही.

मी तरी हट्टाने बंडी त्यांच्या डोक्यातून घातली. बंद बांधायला गेले तर त्यांनी माझे हात बाजूला केले. "हे तुझ्या सासूचं काम," म्हणाले, आणि बंडी काढून खुंटीला अडकवली. मग मी रडले. खोटं सांगत नाही, मुद्दाम रडले असं आधी वाटलं, पण मग थांबेना. तेव्हा ते म्हणाले, "बरं. सोमवारी नेतो."

घालतो म्हणाले नाहीत, नेतो म्हणाले. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी मला जाग आली ती लांबून आलेल्या एका आवाजाने. कोणीतरी जाड गादी जिन्यावरून ढकलून द्यावी तसा. मग पुन्हा. मी उठून मामंजींच्या खोलीत गेले तर अंथरूण घडी घालून ठेवलेलं, न्हाणीघर ओलं. धाबळी नाही. खुंटीवर बंडी नाही. बंडी नाही बघून माझा जीव भांड्यात पडला, मी चहाचं आधण ठेवलं.

खिडकीबाहेर धुकं होतं. झाडांची पहिली रांग तेवढी दिसत होती, मागे काही नाही. आवाज यायचा तो कुठून येतोय तेही कळायचं नाही. चहा झाला, गार झाला, पुन्हा गरम केला. पुन्हा गार झाला. मी लाल कोट चढवला आणि जंगलाच्या कडेला जाऊन हाक मारली, "मामंजी!" धुक्यात माझाच आवाज मला परका वाटला. आत जायचं धाडस होईना, आणि घरी जायला पाय उचलेना. देवा, ह्यांना आण, मी परत कुठल्या गाठीला नावं ठेवणार नाही, असलं काहीतरी वेड्यासारखं मी पुटपुटत होते.

मग आत काहीतरी केशरी हलताना दिसलं. मला इतका आनंद झाला की मी पुढे धावले. पण तो शेजारी होता. त्याच्या अंगावर त्याचा केशरी कोट, एका खांद्याला बंदूक, आणि दुसऱ्या हाताने त्याने मामंजींचा दंड धरलेला. मामंजी तपकिरी धाबळीत, गळ्याला पांढरा पंचा, ओंजळीत पिवळी फुलं. अंगावर बंडी नाही. ते शांत होते. शेजाऱ्याचा चेहरा मात्र पिठासारखा झाला होता.

मी दोघांना स्वयंपाकघरात बसवलं. शेजाऱ्याने बंदूक रिकामी करून बाहेर ठेवली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसला.

तो पहाटेपासून झाडावरच्या मचाणावर बसला होता. उजाडताना त्या पिवळ्या झुडपापाशी त्याला काहीतरी तपकिरी दिसलं. खाली वाकलेलं, गळा पांढरा. आणि वर शिंगं. ती झुडपाच्या फांद्या होत्या हे त्याला आता कळत होतं, तेव्हा शिंगंच दिसली. उत्तम, मोठी शिंगं. त्याने नेम धरला. चापावर बोट गेलं. तेवढ्यात बंदुकीच्या टोकापलीकडे, त्याच रेषेत, केशरी दिसलं.

"मला वाटलं, तुझे सासरे तिथे उभे आहेत," तो मला म्हणाला. "मीच सांगितलं होतं ना तुला केशरी घाल म्हणून. मी बंदूक खाली घेतली. आणि मग ते हरिण उभं राहिलं आणि खोकलं."

मी मामंजींकडे वळले. "बंडी कुठे आहे?"

"तिथल्या फांदीवर टांगली," ते म्हणाले. "ती जिथे उभी राहते तिथे. म्हणजे तिला कोणी मारणार नाही."

मी शेजाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, ह्या आठवड्यात हरणीला मारायची परवानगीच नसते, फक्त शिंगंवाला नर. हरणीला काहीच धोका नव्हता. धोका एकट्या ह्यांनाच होता.

मग शेजाऱ्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, "पण ती बाई कुठे गेली?"

"कुठली बाई?"

"बंडी घातलेली. बुटकी होती, तुझ्यापेक्षाही. म्हणून तर मी नीट बघितलं, तुझे सासरे उंच आहेत. मी झाडावरून उतरेपर्यंत ती गेली होती."

मी म्हटलं, बंडी फांदीवर टांगलेली होती, वाऱ्याने हलली असेल. तो म्हणाला, वारा नव्हता. आणि मग, जरा रागानेच, "मी पोरवयापासून ह्या जंगलात बसतोय. टांगलेलं कापड आणि माणसाने घातलेलं कापड ह्यातला फरक मला कळतो. तिने मान अशी एका बाजूला केली होती." आणि त्याने स्वतःची मान करून दाखवली.

मामंजींना इंग्रजी सगळं कळत होतं. त्यांनी मान वर केली नाही. ते एकेक पिवळं फूल वेगळं करून ताम्हनात ठेवत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन नाकाच्या शेंड्यावरून त्या फुलांवर पडत होतं.

दुपारी धुकं गेल्यावर मी शेजाऱ्याबरोबर बंडी आणायला गेले. एकटी गेलेच नसते. झुडूप अगदी साधं होतं, माझ्याहून थोडं उंच, वर पिवळा धूर बसल्यासारखा. पलीकडच्या फांदीवर बंडी होती. मामंजींनी सांगितलं होतं तशी टांगलेली. फक्त तिचे दोन्ही बाजूंचे बंद बांधलेले होते.

मी जवळ जाऊन बघितलं. पक्की, दुहेरी गाठ. टोकं कुठेच दिसत नव्हती. ती गाठीच्या आत खोचलेली होती.

मी सायन्स शिकलेली बाई आहे. मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगते, की चाळीस-पन्नास वर्षं रोज बघून म्हाताऱ्याच्या हाताला ती गाठ येत असेल, आणि आम्हाला दाखवत नसेल इतकंच. असेलही. पण तिथे उभी असताना मी पायातले बूट बाजूला काढून ठेवले आणि त्या थंड मातीवर अनवाणी उभी राहून नमस्कार केला. शेजाऱ्याने काही न विचारता टोपी काढली.

घरी येऊन बंडी मी मामंजींच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला, एकीवरून, मग दुसरीवरून. बराच वेळ.

"तुम्ही बांधलीत?" मी विचारलं.

"मी नुसती टांगली होती," ते म्हणाले.

मी सवयीने गाठ सोडवायला हात घातला. "राहू दे," ते म्हणाले. "तिने बांधून दिलीय. अशीच डोक्यातून घालेन."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागीच होते. मामंजींनी आंघोळ केली, धाबळी पांघरली, आणि वरून ती शिकारीच्या दुकानातली भडक बंडी, गाठी न सोडता, हळूच डोक्यातून खाली ओढली. दारापाशी ते थांबले.

"चहा टाकून ठेव, सूनबाई," म्हणाले. "मी येतो परत."